शेवटचे अठरा मैल

नोव्हेंबरपासून दोन टायर गॅरेजच्या भिंतीला टेकून आहेत.
एक गोल पोटाचा, मोटरसायकलचा, पावती अजून खिशात.
दुसरा सपाट तळव्याचा, कुठल्याशा छोट्या कारसाठी घडवलेला,
बर्ट सॅन्नेसने आणून टाकलेला.
बाहेर उणे बावीस. आत रॉकेलच्या हीटरचा वास,
आणि मधोमध स्टँडवर माझी गोल्डविंग,
मागचं चाक काढलेली,
कवळी काढून ठेवलेल्या म्हाताऱ्यासारखी.
म्हणजे माझ्यासारखीच.

जुना टायर पायाशी पडलाय,
मध्यावर झिजून पाटासारखा झालेला.
नॉर्थ डकोटाचे रस्ते पट्टीने आखलेले:
डावीकडे सूर्यफुलं, उजवीकडे सूर्यफुलं,
तासाभराने एक सायलो,
आणि तो मागे पडायला आणखी अर्धा तास.
कडा मात्र कोऱ्या.
कारखान्यातून आले तेव्हाचे रबराचे केस
तिथे तसेच. बोट फिरवलं की गुदगुल्या करतात.
चौदा हजार मैल गेलो
आणि या कडा रस्त्याला शिवल्या नाहीत.

हिशेब सोपा आहे.
एकतीस वर्षं मी एलेव्हेटरवर गहू तोलला,
हिशेब मला चुकत नाही.
गोल टायर अडीचशे डॉलर, दोन उन्हाळे.
सपाट एकशेदहा, पाच उन्हाळे,
बर्ट म्हणतो सहासुद्धा.
(सहा उन्हाळे. मी एकाहत्तरचा.
टायरच मागे उरला तर कोणाला द्यायचा?)
बर्ट तीन वर्षं कारच्या टायरवर फिरतोय.
"एकदा बसव, मग मागे वळून बघणार नाहीस."
वळून, हा शब्द त्याच्या लक्षात आला नाही.

बिस्मार्कच्या दुकानातली डेलेना,
कोपरापर्यंत ग्रीस, कानात सहा रिंगा,
टायरकडे न बघताच नाही म्हणाली.
रिमची कड वेगळी, टायरची बसण वेगळी.
"तुम्ही पडलात तर कागदावर सही माझी असेल."
मी निघालो तेव्हा मात्र
फळीवरून दोन लांब लिव्हर काढून हातात ठेवले.
"परत आणा. मी काही पाहिलेलं नाही."

मारेनने एकच विचारलं, बटाटे सोलता सोलता:
"सिग्नेकडे जायचा रस्ता कसा आहे रे?"

तिला माहीत आहे कसा आहे.
चारशे मैल सरळ, डोळे मिटून जावं असे.
मग ब्लॅक हिल्स. शेवटचे अठरा मैल
पाइनच्या झाडांतून, ओढ्याच्या कडेकडेने,
गाडी कलंडवल्याशिवाय पुढे सरकू न देणारे.
गोल टायर तिथे मनात आणलं की झुकतो.
सपाट झुकत नाही.
हँडलवर खांदा टाकून
प्रत्येक वळणाला त्याची समजूत काढावी लागते.

दोन उन्हाळे मी त्या वाटेला गेलो नाही.
ख्रिसमसच्या टेबलावर जावयाला एक बोललो होतो.
बरोबरच बोललो होतो.
लेक उठून ताटं उचलायला लागली,
अर्धी जेवणं व्हायची होती.

मार्चच्या एका सकाळी गॅरेजचं दार वर केलं
आणि पोरकटपणा केला.
गोल टायर ढकलून सोडला.
चार हात गेला, डुलला, कलला,
फ्रीजरला वळसा घालून
माझ्याच बुटाशी येऊन आडवा झाला.
मग सपाट सोडला.
तो दारातून बाहेर, उतारावरून खाली,
वितळत्या बर्फात नाकासमोर रेघ ओढत
रस्ता ओलांडून
बियर्केबाईंच्या पत्रपेटीवर आदळला
आणि उभाच राहिला.

बाई खिडकीत. हाताने खूण: काय चाललंय?
मी टोपी हलवली, टायर घेतला,
ढकलत ढकलत परत आणला.
सरळ आला, शहाण्यासारखा.
आमच्या फाटकापाशी वळेना.
दोन्ही हातांनी उचलला,
तोंड घराकडे केलं,
तिथेच टेकवून ठेवला,
आणि लिव्हर शोधायला आत गेलो.